कंकणांतील हिरा आणि हिऱ्याचें कंकण

जिनीव्हा शहरांत १४ मे २०२५ या दिवशीं एका निळ्या हिऱ्याचा लिलांव करण्याचें क्रिस्तीज या विख्यात लिलांवगृहानें योजिलें होतें. हिरा २३.२४ कॅरटांचा, लोलकाच्या आकाराचा, आणि त्याचें नांव 'गोळकोंडा ब्लू'. अंदाजी किंमत साडेतीन ते पांच कोटि डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबानें तीनशें कोटि रुपयांच्या वरच. पॅरिस येथें जोएल आर्थर रोझेंथाल या कारागिराची जी पेढी 'जार' या आद्याक्षरांनीं ओळखली जाते, तिच्या अंगठींत तो बसविलेला होता. जगांतील वृत्तपत्रांनीं त्याची छायाचित्रें छापलीं, धनिकांनीं दूरध्वनि सज्ज ठेविले. आणि ठरलेला दिवस उजाडण्यापूर्वींच तो हिरा विक्रींतून मागें घेण्यांत आला. हातोडा पडलाच नाहीं.

श्रोते हो, हिऱ्याच्या किंमतीची ही गोष्ट चार दिवस चघळून लोकांनीं सोडून दिली. परंतु या हिऱ्याच्या पूर्ववृत्तांत एक लहानसें वाक्य होतें व तें बहुतेकांच्या नजरेंतून निसटलें. १९२३ सालीं हा हिरा पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्यांनीं मनगटावरील एका ब्रेसलेटांत जडविला होता आणि तें ब्रेसलेट करविणारे होते इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे. आजचें भाषण त्या हिऱ्याविषयीं थोडें व त्या ब्रेसलेटाविषयीं अधिक आहे. हिरा अद्याप जगांत आहे, ब्रेसलेट मात्र नाहीं.

होळकरांचें नांव निघालें म्हणजे मराठी माणसास परकें वाटत नाहीं. आणि भाईंदर, मीरा रोड, वसई या पट्ट्यांतील रहिवाशांस तर तें मुळींच वाटूं नये. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसईच्या किल्ल्यास निकराचा वेढा दिला, तेव्हां मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे हे त्यांच्या मदतीस येऊन मिळाले होते. वसईची खाडी ओलांडली कीं अलीकडे भाईंदर. तेथील धारावीच्या किल्ल्यासाठींही याच मोहिमेंत रक्त सांडलें. ज्या मल्हाररावांनीं या खाडीच्या कांठीं खंदकांतून व चिखलांतून फौज नेली, त्यांच्याच गादीवर पुढें अहिल्याबाई आल्या आणि त्यांनीं खासगीचा पैसा घाट, देवळें व धर्मशाळा यांवर वेंचला. त्याच गादीचे वारस विसाव्या शतकांत पॅरिसच्या प्लास व्हांदोम या चौकांतील पेढीवर जवाहीर निवडूं लागले. काळाचा फेरा हा असा आहे. त्याबद्दल कोणी नाक मुरडील, तर कोणी म्हणेल कीं त्यांना दृष्टि होती. दोहोंतही तथ्य आहे.

तुकोजीरावांस पारख होती, यांत शंका नाहीं. 'इंदूर पेअर्स' या नांवानें प्रसिद्ध असलेले दोन लोलकाकृति हिरे त्यांनीं याच शोमेकडून घेतले. एकाचें वजन ४६.९५ व दुसऱ्याचें ४६.७० कॅरट. त्यानंतर निळ्या हिऱ्याचें ब्रेसलेट झालें. जानेवारी १९२५ मध्यें मुंबईच्या मलबार टेंकडीवर बावला खून प्रकरण घडलें, त्याचे धागेदोरे इंदूरपर्यंत पोंचले आणि १९२६ च्या फेब्रुवारींत तुकोजीरावांनीं गादी सोडली. त्यांच्यामागून आलेले यशवंतराव हे नव्या वळणाचे गृहस्थ. माणिकबाग राजवाडा त्यांनीं एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन शिल्पज्ञाकडून अगदीं आधुनिक पद्धतीनें सजविला. जुन्या घडणीचे दागिने त्यांच्या डोळ्यांस कसे रुचावे! त्यांनीं पॅरिसच्याच मोबूसँ या पेढीकडे जवाहिराचें काम सोंपविलें. निळा हिरा ब्रेसलेटांतून निघाला व इंदूर पेअर्सच्या जोडीला एका लांब हारांत जाऊन बसला. बेर्नार बुते द मोनव्हेल या फ्रेंच चित्रकारानें काढलेलीं यशवंतराव आणि त्यांच्या पत्नी संयोगिताराणी यांचीं चित्रें आजही कलारसिकांत वाखाणलीं जातात. या राणीसाहेब कोल्हापूरकडील कागलच्या घाटग्यांच्या कन्या. १९३७ सालीं त्या अगदीं तरुण वयांत निवर्तल्या.

पुढची कथा झरझर उलगडते. १९४६ सालीं इंदूर पेअर्स न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या व्यापाऱ्याकडे गेले. त्यानें ते पुन्हां पैलू पाडून घेतले, वजनें ४४.६२ आणि ४४.१८ कॅरटांवर आलीं. १९४७ सालीं निळा हिराही त्याच्याकडे गेला. विन्स्टननें तेवढ्याच आकाराच्या पांढऱ्या हिऱ्याशेजारीं तो एका ब्रूचमध्यें बसविला. तें ब्रूच बडोद्याच्या महाराजांकडे आलें, म्हणजे हिरा एका मराठी दरबारांतून निघून अमेरिकेची वारी करून दुसऱ्या मराठी दरबारांत आला! तेथूनही तो गेला आणि अखेर अंगठींत बसला. ब्रेसलेट, हार, ब्रूच, अंगठी : शंभर वर्षांत चार दागिने झाले, आणि प्रत्येक नवा दागिना जुन्याचा बळी घेऊन जन्मास आला.

यांत नवल तें काय, असें कोणी विचारील. आपल्या घरोघरीं हेंच चालतें. आजीचे गोठ मोडून आईच्या पाटल्या झाल्या, पाटल्या मोडून सुनेच्या बांगड्या झाल्या. सोनें तेंच राहिलें, घरचें घरांत राहिलें. घट आणि घडणावळ तेवढी सोनाराची. सोन्याच्या बाबतींत ही रीत शहाणपणाचीच होती, कारण आपल्या घरांत सोनें हें अडीअडचणीचें धन होतें, व घाट ही त्यावरील हौस. परंतु जेथें घाटच मोलाचा असतो, तेथें हीच रीत घातक ठरते. जुन्या हिऱ्याच्या आणि प्लॅटिनमच्या ब्रेसलेटाची गोष्ट नेमकी अशी आहे, आणि ती कळण्यासाठीं प्रथम प्लॅटिनम ही काय चीज आहे, तें पाहिलें पाहिजे.

दक्षिण अमेरिकेंतील नद्यांच्या वाळूंत स्पॅनिश लोकांस सोन्याबरोबर एक पांढरी, जड धातु सांपडे. ती वितळेना, म्हणून त्यांनीं तिला 'प्लाटिना' म्हणजे हलकी चांदी असें तुच्छतेचें नांव दिलें. चांदी सुमारें ९६२ अंश उष्णतेस वितळते, सोनें १०६४ अंशांस. प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात. आपल्या सोनाराच्या कोळशाच्या शेगडीवर, फुंकणीनें कितीही गाल फुगविले तरी, ही धातु लाल होईल पण पाणी होणार नाहीं. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची ज्योत वापरण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकांत साधली. आणि ती जवाहिऱ्यांच्या कारखान्यांत रुळल्यावर, १९०० च्या सुमारास, पॅरिसमध्यें प्लॅटिनमचें युग सुरू झालें.

त्यापूर्वीं पाश्चात्य जवाहिरे हिरा चांदींत बसवीत. पिवळ्या सोन्याची छाया पांढऱ्या हिऱ्यांत उतरते, म्हणून चांदी. पण चांदी काळवंडते आणि मऊ असल्यामुळें जाड घ्यावी लागते. प्लॅटिनम काळवंडत नाहीं, आणि ताकद अशी कीं केसासारख्या तारेच्या चार नखांनीं हिरा धरून ठेवावा. त्यामुळें धातु जणूं अदृश्य झाली आणि हिरेच एकमेकांस धरून मनगटाभोंवतीं वेढले आहेत, असा भास निर्माण करतां आला. कडेला खसखशीसारख्या बारीक दाण्यांची ओळ, मधून आरपार जाळी, आणि प्रत्येक कडी पुढच्या कडीशीं इतक्या सूक्ष्म बिजागरीनें सांधलेली कीं ब्रेसलेट हातावर टाकलें तर रेशमी फितीप्रमाणें लवावें. १९१० ते १९४० या काळांतील उत्तम कामाची ही ओळख होय. १९४२ सालीं अमेरिकेनें युद्धाच्या कामासाठीं प्लॅटिनम राखून ठेविलें व दागिन्यांत तें वापरण्यास बंदी घातली. तेथें या कामाचा बहर ओसरला.

आपल्या जडावाच्या कामाशीं हें ताडून पाहण्यासारखें आहे. आमचा जडिया शुद्ध सोन्याचें कोंदण रत्नाभोंवतीं दाबून बसवितो, रत्नाखालीं चकचकीत वर्ख ठेवतो, आणि पाठ बंद करतो. उजेड पुढून शिरतो आणि वर्खावरून परततो. त्या दागिन्यास दिव्याच्या ज्योतींत पाहावें. प्लॅटिनमच्या कामांत पाठ उघडी असते, उजेड हिऱ्याच्या पैलूंनींच परतवायचा. दोन्ही विद्या थोर आहेत. एकीनें दुसरीस हंसूं नये. तुकोजीरावांच्या पिढीनें या दोन्ही विद्या एकाच तिजोरींत पाहिल्या, हें त्या पिढीचें भाग्य म्हणावयाचें.

आतां ज्या घरीं असें एखादें जुनें ब्रेसलेट असेल, तेथें काय घडतें तें पहावें. घरांत वाटण्या होतात, अगर मुलीचें लग्न निघतें. दागिना सराफाकडे जातो. सराफ कसोटीवर सोनें लावून पाहण्यास सरावलेला. ही पांढरी धातु चांदी नव्हे, पांढरें सोनेंही नव्हे, मग मोडींत तिला भाव काय द्यावा? हिरेही जुन्या पैलूंचे असतात. आजच्या हिऱ्याचे पैलू मार्सेल तोल्कोव्हस्की यानें १९१९ सालीं मांडलेल्या गणिताच्या धर्तीवर पडतात. त्यापूर्वींचे कारागीर डोळ्यांच्या अंदाजानें, मेणबत्तीच्या उजेडास साजेल असे, जाड व उंच पैलू पाडीत. बाजारांत अशा हिऱ्यास 'पुन्हां घांसावा लागेल' असें म्हणून वजन कापलें जातें. अशा रीतीनें धातूची मोड, हिऱ्यांची तूट आणि कारागिरीचें शून्य, असा हिशेब होऊन दागिना संपतो. चार नवीं कर्णफुलें आणि एक अंगठी घेऊन मंडळी समाधानानें घरीं येतात. हा हिशेब खोटा असतो असें नव्हे. मोडीचा हिशेब म्हणून तो बरोबरच असतो. चूक असते ती मोडीच्या तराजूंत घालण्यांत.

तोच दागिना अखंड स्थितींत लिलांवास गेला, तर तराजू बदलतो. तेथें धातूचें व रत्नाचें वजन पाहतातच, शिवाय घडणारा कोण, घडविणारा कोण, काळ कोणता, आणि मागून कोणी हात लावला कीं काय, या चार गोष्टींस पैसे पडतात. १९१२ पासून फ्रान्समध्यें प्लॅटिनमवर कुत्र्याच्या मुखवट्याची सरकारी मुद्रा उमटवीत आले आहेत; सोन्यावर १८३८ पासून गरुडाचें मस्तक. फांशाच्या जिभेवर भिंगानें पाहिल्यास ही मुद्रा, आणि कधीं कधीं कारखानदाराची चौकटींतील खूण, दिसते. ती घांसून गेली असेल तर किंमत खालीं येते. आणि कोणा उत्साही कारागिरानें प्लॅटिनमचा तुटलेला सांधा कथलाच्या डाकानें जोडून ठेविला असेल तर आणखी खालीं. ब्रेसलेट आडवें धरलें असतां मध्येंच लोंबूं लागलें, तर सांधे झिजले आहेत असें समजावें.

एक गंमत येथें सांगण्यासारखी आहे. या काळच्या ब्रेसलेटांत हिऱ्यांच्या मधून निळ्या नीलमण्यांची किंवा लाल माणकांची बारीक ओळ पुष्कळदां असते. तपासणींत तीं रत्नें कृत्रिम निघालीं कीं मालक हतबुद्ध होतो. आजोबांस कोणी फसविलें, असें त्यास वाटतें. परंतु फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूय यानें भट्टींत माणिक करण्याची कृति १९०२ सालीं प्रसिद्ध केली होती, आणि नंतरच्या नामांकित कारखान्यांनींही एकसारख्या रंगाचे, एकसारख्या मापाचे चौकोन मिळावे म्हणून असे खडे उघडपणें वापरले. येथें कृत्रिम खडा लबाडीची साक्ष देतोच असें नाहीं. उलट तो कित्येकदां काळाची साक्ष देतो. आज प्रयोगशाळेंत हिरेही होतात, आणि सुरतेस तो मोठा उद्योग झाला आहे. त्यामुळें जुन्या दागिन्यांतील एखादा हिरा मागाहून बदलला आहे काय, हें मात्र प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळेकडूनच पाहून घ्यावें लागतें. जुन्या पैलूंच्या रांगेंत नव्या पैलूंचा एक हिरा असला तर तो जाणत्यास विजोड दांतासारखा दिसतो.

लिलांवाची रीतही समजून घेणें बरें. सूचींत जी अंदाजी किंमत छापतात, तिच्यामागें एक राखीव किंमत असते. ती मालक व लिलांवगृह यांनाच ठाऊक. बोली तेथवर न चढल्यास वस्तु विकली जात नाहीं. हातोडा पडला त्या रकमेवर घेणाऱ्यास लिलांवगृहाचें शुल्क वेगळें द्यावें लागतें. मोठ्या घरांत तें सुमारें चौथाईपर्यंत जातें, कर निराळेच. विकणाराही आपल्या बाजूनें अडत देतो. म्हणजे घेणाऱ्याचे शंभर आणि विकणाऱ्याचे शंभर यांत बरेंच अंतर पडतें. मुंबईंतही आतां दागिन्यांचे लिलांव होतात. त्यांसाठीं जिनीव्हास जावें लागत नाहीं.

दरबारी पूर्वेतिहासामुळें भाव कसा चढतो, याचें एक उदाहरण बडोद्याचें आहे. खंडेराव गायकवाडांच्या सात पदरी मोत्यांच्या हारांतून उरलेल्या मोत्यांचा दोन पदरी हार २००७ च्या एप्रिलांत न्यूयॉर्कला सुमारें ७१ लक्ष डॉलरांस गेला. त्यांत ६८ मोतीं होतीं. सात पदरांचा हार अखंड राहता तर काय झालें असतें, ती कल्पनाच करावयाची. उलट निजामाच्या जवाहिराचें उदाहरण पहा : भारत सरकारनें १९९५ सालीं १७३ नग सुमारें २१८ कोटि रुपयांस एकगठ्ठा विकत घेतले, म्हणून आज तें जवाहीर एकत्र आहे आणि प्रदर्शन भरलें कीं सामान्य माणूस तिकीट काढून तें पाहूं शकतो. होळकरांच्या जवाहिरास असा वाली मिळाला नाहीं. १९४८ सालीं इंदूर संस्थान मध्य भारत संघांत सामील झालें. तोंवर मोठे हिरे समुद्रापलीकडे गेलेही होते.

नाशिकच्या हिऱ्यानें तर न्यायाधीशांसही विचारांत पाडलें. त्र्यंबकेश्वराचा म्हणून सांगितला जाणारा हा हिरा १८१८ मध्यें पेशवाईच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हातीं पडला. लंडनमध्यें त्याचे पैलू बदलून त्याचें वजन सुमारें ९० कॅरटांवरून ७८ कॅरटांवर आणलें गेलें. १८३७ सालीं तो लिलांवांत ७,२०० पौंडांस विकला गेला. पुढें १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेंत नेला, तेव्हां जकातीच्या न्यायालयांत वाद उपस्थित झाला : ही जुनी कलाकृति मानून जकात माफ करावी, कीं हें साधें जवाहीर समजून जकात घ्यावी? प्रश्न दिसतो तितका वकिली नाहीं. दगड कोट्यवधि वर्षांचा. मग त्याचें वय कोठून मोजावयाचें? माणसाचा हात त्यास लागला तेथून मोजावें, तर हात पुन्हां पुन्हां लागत गेला. १९४० मध्यें तो विन्स्टनकडे आल्यावर आणखी एकदां घांसला जाऊन ४३.३८ कॅरटांचा झाला. पेशव्यांच्या वेळच्या वजनाचा निम्माही हिरा आज उरलेला नाहीं. १९७० सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत तो पांच लक्ष डॉलरांस विकला गेला, आणि सूचींत त्याचें नांव 'नास्साक' असेंच होतें. नांव तेवढें अखंड राहिलें.

ब्रेसलेटाच्या वयाविषयीं असा घोळ नाहीं. तें ज्या वर्षीं घडलें तेंच त्याचें जन्मवर्ष. आणि त्यावरून आपल्याकडे आतां एक व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला आहे. १९७२ च्या पुराणवस्तु व कलानिधि कायद्यान्वयें शंभर वर्षें झालेली कारागिरीची वस्तु पुराणवस्तु ठरते व खासगी इसमास ती देशाबाहेर नेतां येत नाहीं. १९२० ते १९३० च्या दरम्यानचें प्लॅटिनमचें काम वर्षागणिक त्या रेषेपलीकडे जात आहे. इंदूरचें १९२३ सालचें ब्रेसलेट न मोडतां या देशांत राहिलें असतें, तर २०२३ सालीं तें या कायद्याच्या छायेखालीं आलें असतें आणि मग जिनीव्हाच्या मेजावर जाण्याचा त्याचा मार्गच बंद झाला असता.

भाईंदर अगर मीरा रोडच्या स्थानकावर सकाळीं चर्चगेटची गाडी धरणाऱ्यांत झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस, वांद्रे-कुर्ला संकुलांतील हिऱ्यांचा बाजार येथें कामास जाणारी माणसें असतात. तीं दिवसभर इतरांचे हिरे पारखतात. त्यांच्या व त्यांच्या शेजाऱ्यांच्या बँकेंतील पेटींत आजीच्या वेळचें एखादें पांढऱ्या धातूचें ब्रेसलेट पडून असणें अशक्य नाहीं; गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या सधन घरांत ही चाल होती. तें परदेशीं असलेल्या मुलीकडे धाडावयाचें असल्यास वय प्रथम ठरवून घ्यावें, आणि वस्तु शंभर वर्षांच्या आंतली असल्यास तशा अर्थाचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधीं मिळवावा. मूळ डबी, पेढीची पावती, तें ब्रेसलेट हातांत असलेलें आजीचें लग्नांतील छायाचित्र, असें जें कांहीं सांपडेल तें एकत्र ठेवावें. लिलांवाच्या सूचींत अशा एका पावतीस एखाद्या हिऱ्याइतकें वजन असतें. तुटलेला सांधा असेल तर प्लॅटिनमची ज्योत ज्याच्याकडे आहे अशाच कारागिराकडे तें न्यावें, आणि कामाला देण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें काढून वजन लिहून घ्यावें.